आर्कम नाइट: ८७ गुण मिळालेल्या गेमला लोक शिव्या का घालतात?

तुम्ही विचारलंय की 'बॅटमन: आर्कम नाइट' पीसीवर सवलतीत मिळतोय, परीक्षणांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर त्याला ८७ गुण आहेत, पण तुमचा मित्र म्हणतो की हा गेम आला तेव्हा कंपनीला तो विक्रीतून मागे घ्यावा लागला होता आणि बॅटमोबिलनं, म्हणजे बॅटमनच्या गाडीनं, त्याची पार वाट लावली होती. मग ८७ देणारे समीक्षक विकले गेले होते का, आणि आज हा गेम घ्यावा का?

मी बरीच वर्षं गेमची परीक्षणं लिहितोय, त्यातली बरीचशी ओपन वर्ल्ड गेमची, म्हणजे अख्ख्या शहरात मोकळेपणी फिरता येतं अशांची. हा प्रश्न वेगवेगळ्या गेमच्या नावानं माझ्याकडे सतत येतो, पण आर्कम नाइटइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये आणि ८७ हा आकडाही खोटा नाही. घोळ असा झालाय की या एका नावाखाली दोन निरनिराळी भांडणं लोकांच्या डोक्यात एकत्र झाली आहेत. एक भांडण पीसीवरच्या बिघडलेल्या प्रतीचं. त्यात समीक्षक आणि खेळाडू बहुतांशी एकाच बाजूला होते. दुसरं भांडण गेमच्या रचनेचं, म्हणजे मुख्यतः गाडीचं, आणि त्यात समीक्षकांचंच आपसात जमत नव्हतं. पहिलं आता बरंचसं मिटलंय. दुसरं मिटायचं कारणच नाही, कारण ते आवडीनिवडीचं आहे. तुम्हाला निर्णय घ्यायचाय तो दुसऱ्यावरून, आणि मित्र तुम्हाला घाबरवतोय ते पहिल्यावरून.

तुमच्या बाबतीत उत्तर काय येईल हे थोडं तुमच्यावरही अवलंबून आहे. तुमचा पीसी काय ताकदीचा आहे, मालिकेतले आधीचे गेम खेळला आहात का, आणि सुपरहिरोच्या गेममध्ये रणगाड्यांच्या लढाया चालतील का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी आधी काय घडलं ते सांगतो, आणि मग निर्णय कसा घ्यायचा ते.

आधी तो ८७. मेटाक्रिटिकवर एकाच गेमची प्रत्येक मशीनसाठी वेगळी नोंद असते, आणि ८७ ही प्लेस्टेशन ४ ची आहे. एक्सबॉक्स वनची ८५. पीसीची ७०. तुम्ही पीसीवर घेणार असाल तर तुम्ही दुसऱ्याच मशीनचे गुण बघत होतात. प्लेस्टेशन आणि पीसी यांच्यातली १७ गुणांची दरी मोठ्या बजेटच्या गेममध्ये क्वचित दिसते. त्यामुळे समीक्षकांनी पीसीचा घोटाळा झाकला, असं म्हणायला जागा नाही. ज्यांनी पीसीवर खेळून गुण दिले त्यांनी ते कापले, आणि चांगले सणसणीत कापले.

घोटाळा मात्र खरंच मोठा होता. गेम २३ जून २०१५ ला आला. तो बनवला लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओनं, प्रकाशक वॉर्नर ब्रदर्स. पण पीसीची आवृत्ती तयार करण्याचं काम आयर्न गॅलक्सी या बाहेरच्या स्टुडिओकडे दिलेलं होतं. पहिल्याच दिवशी लोकांच्या लक्षात आलं की फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० ला बांधून ठेवलाय. फाइलमध्ये हात घालून ते बंधन काढलं तर गेम आणखीनच अडखळतो. महागडं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनाही गाडी चालवताना गचके बसत होते. त्यातून पावसाचे आणि सावल्यांचे काही परिणाम, जे कन्सोलवर दिसत होते, ते पीसीवर गायबच. म्हणजे जास्त पैसे खर्चून जास्त ताकदीचं मशीन घेतलेल्याला कमी दर्जाचं चित्र. लोक चिडले नसते तरच नवल.

प्रकाशकानं दुसऱ्याच दिवशी, २४ जूनला, पीसी आवृत्तीची विक्री थांबवली. असं फार कमी वेळा होतं. इथे एक योगायोग महत्त्वाचा आहे. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानानं पैसे परत देण्याची सोपी सोय त्याच महिन्यात, २ जूनला सुरू केली होती. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. आधी लोक नुसती तक्रार करायचे, आता ते पैसे मागू शकत होते. माझ्या मते विक्री इतक्या तडकाफडकी थांबली त्यामागे हेही एक कारण असणार, हा माझा अंदाज. गेम पीसीवर परत विक्रीला आला तो २८ ऑक्टोबरला, चार महिन्यांनी. तेव्हाही तो पूर्ण सुधारलेला नव्हता. विंडोज १० वर नीट चालायला १२ जीबी रॅम ठेवा, असं कंपनीच सांगत होती, आणि २०१५ साली आपल्याकडे किती जणांच्या पीसीत १२ जीबी रॅम होती? शेवटी कितीही तास खेळला असलात तरी वर्षअखेरपर्यंत पैसे परत मागू शकता, असं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या पुढे रद्दच झाल्या.

आपल्याकडे या प्रकरणाची सावली जास्त लांब पडली. आपल्यातले बहुतेक जण कन्सोलवर नव्हे, पीसीवर वाढलेले. त्यामुळे मराठी पोरांच्या गप्पांत आर्कम नाइट हा 'तो बिघडलेला गेम' म्हणूनच राहिला, आणि ज्यांनी तो प्लेस्टेशनवर संपवला त्यांना आपण कसल्या गेमबद्दल बोलतोय तेच कळेना.

आता 'विकले गेले होते का' हा मुद्दा. प्रकाशक परीक्षणासाठी आगाऊ प्रत देतो, आणि अमुक वेळेच्या आधी काही छापायचं नाही अशी अट घालतो. यात गुपित काही नाही, सगळीकडे हेच चालतं. आर्कम नाइटची सुरुवातीची बहुतेक परीक्षणं प्लेस्टेशन ४ वर खेळून लिहिलेली होती. ती वाचणाऱ्या पीसीवाल्यानं ती स्वतःला लागू करून घेतली, आणि फसला तो तिथे. परीक्षणात 'आम्ही हा गेम अमुक मशीनवर खेळलो' असं एक वाक्य असतं, बहुधा शेवटी, बारीक अक्षरात. मी ते वाक्य माझ्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात घेतो, आणि ज्या मशीनची प्रत मागूनही मिळाली नाही त्या मशीनचं नावही तिथेच लिहितो. आगाऊ प्रत न मिळणं हा पुरावा नव्हे, पण वाचकाला ती माहिती असायला हवी.

मेटाक्रिटिकची आणखी एक गोष्ट माहीत हवी. एखाद्या प्रकाशनानं एकदा दिलेले गुण तिथे चढले की ते नंतर बदलत नाहीत. पहिलाच आकडा कायम. म्हणून पीसीवरचे ७० हे त्या पहिल्या काही महिन्यांतल्या गेमचे गुण आहेत, आजच्या नव्हे. दुरुस्तीचे पॅच येतात, मशीन बदलतात, आकडा तिथेच. उलट दिशेलाही तेच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये हाच गेम निन्टेंडो स्विचवर आला आणि तिथे त्याचे पुन्हा हाल झाले. पण जुना ८७ त्यानं हलला नाही. म्हणजे नाव एकच, आणि तीन मशीनवर तीन वेगळे अनुभव.

इथवर पहिलं भांडण. ते तांत्रिक होतं, त्यात मतभेद फारसा नव्हता. आता गाडीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

आधीच्या गेमपासून सुरुवात करायला हवी. २००९ चा 'आर्कम असायलम' हा मनोरुग्णालयाच्या बेटावर घडतो, बंदिस्त वाटांचा. २०११ च्या 'आर्कम सिटी'त शहराचा एक भाग भिंत घालून तुरुंग केलेला, आणि तुम्ही छपरांवरून छपरांवर केप पसरून तरंगत जाता. त्याला प्लेस्टेशन ३ वर ९६ गुण मिळाले. एवढ्या कौतुकानंतर तिसरा भाग नुसता मोठा करून भागणार नव्हतं. त्यातून तो प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनच्या पिढीसाठीच बनवायचं ठरलेलं, जुन्या मशीनची अडचण नाही. मग मालिकेत आजवर चालवता न आलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे गाडी.

गाडी आणली की शहर बदलतं. आर्कम सिटीच्या गल्ल्यांत बॅटमोबिल मावलीच नसती. नाइटमधलं गॉथम तीन बेटांचं आहे, रस्ते रुंद, पूल लांब. पण मोठ्या रस्त्यांवर माणसं असली तर बॅटमन त्यांना चिरडणार, आणि बॅटमन कुणाला जिवे मारत नाही. म्हणून कथेत स्केअरक्रो हा खलनायक विषारी वायूची धमकी देतो आणि हॅलोविनच्या रात्री सगळे नागरिक शहर सोडून जातात. रस्त्यावर उरतात ते गुंड. ते गाडीखाली येणारच, म्हणून गाडी त्यांना विजेचा झटका देऊन बाजूला फेकते, आणि आपण मानायचं की ते नुसते बेशुद्ध झाले. यावर बऱ्याच समीक्षकांनी टोमणे मारले, आणि मारायलाच हवे होते. गाडीला तोफ दिली तर समोर शत्रू हवेत, आणि त्यांना उडवताना कुणी मरायला नको. म्हणून ते सगळे चालकाविना चालणारे रणगाडे. एक गाडी आत आली आणि तिच्यासाठी शहर, कथा, शत्रू सगळं वाकवावं लागलं. म्हणून 'गाडी वगळून खेळता येईल का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ती वरून चिकटवलेली नाही, गेमच्या पायाभरणीतच आहे.

आणि गंमत अशी की बॅटमनला फिरायला गाडीची गरजच नाही. नाइटमध्ये तो दोरीच्या हुकानं इतका जोरात उसळतो की केप पसरून अर्धं बेट ओलांडता येतं. सुपरहिरोच्या ओपन वर्ल्डमध्ये फिरण्याची तऱ्हा हाच निम्मा गेम असतो. इथे फिरण्याच्या दोन तऱ्हा एकमेकींशी स्पर्धा करतात. मी अशा गेमची परीक्षा घेताना एक गोष्ट मुद्दाम बघतो. कुठलंही मिशन सुरू नसताना, नकाशा न उघडता, मी आपोआप कशानं फिरतो? नाइटमध्ये माझं उत्तर जवळजवळ नेहमी केप असायचं. मग गेमला मला गाडीत बसवायला कारणं शोधावी लागतात. रिडलर हा कोडी घालणारा खलनायक जमिनीखाली शर्यतीचे ट्रॅक बांधून ठेवतो. मिशनच्या शेवटी रणगाड्यांची लाट येते. कोब्रा नावाचे जड रणगाडे असे आहेत की त्यांना मागून गाठावं लागतं, म्हणजे गाडीनं दबा धरायचा. एका नावाजलेल्या शत्रूशी हातघाईची लढाई होईल म्हणून तुम्ही वाट बघता, आणि तीही रणगाड्यांतच उरकली जाते. ही शेवटची तक्रार तुम्हाला जवळपास प्रत्येक कडक परीक्षणात सापडेल, आणि माझ्याही लेखात होती.

आता आकडे बघा. गेम इन्फॉर्मरनं ९.५ दिले, आयजीएननं ९.२, गेमस्पॉटनं ७. हे तिघे एकच गेम खेळले, आणि त्यात काय आहे याबद्दल त्यांच्यात फारसं दुमत नव्हतं. दुमत होतं ते रणगाड्यांची किती लढाई चालते यावर. तर्री जास्त घातलेल्या मिसळीला एकानं नऊ आणि दुसऱ्यानं सात दिले म्हणून ती आठ गुणांची मध्यम मिसळ होत नाही. आर्कम नाइटचा ८७ असाच आहे. तो दोन ठाम मतांच्या मधला आकडा आहे, आणि त्या मधल्या जागी प्रत्यक्षात फार थोडे खेळाडू उभे असतात.

तुलनेला 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' घ्या. इन्सॉम्नियाक गेम्सचा, सप्टेंबर २०१८ चा, न्यूयॉर्कमधला ओपन वर्ल्ड. प्लेस्टेशन ४ वर त्यालाही मेटाक्रिटिकवर नेमके ८७च गुण आहेत. पण त्याची परीक्षणं वाचलीत तर चित्र वेगळंच दिसेल. जाळ्याला लटकून झोके घेणं सगळ्यांना आवडलं, पीटर पार्करची माणूसपणाची बाजू आवडली. तक्रारीही सगळ्यांच्या साधारण सारख्याच होत्या. मनोऱ्यांवर चढून नकाशा उघडायचं तेच जुनं काम, इकडेतिकडे पडलेल्या सॅक गोळा करणं, आणि मधूनच मेरी जेनच्या भूमिकेत चोरपावलांनी जायची कंटाळवाणी मिशनं. तिथले ८७ म्हणजे बहुतेकांना साधारण सारखंच वाटलं. इथले ८७ म्हणजे काहींना फारच आवडलं आणि काही वैतागले. आकडा तोच, पण त्यावरून तुम्हाला स्वतःबद्दल जे कळतं ते वेगळं. स्पायडर-मॅनच्या वेळी मी वाचकांना डोळे मिटून 'घ्या' म्हणू शकलो. नाइटच्या वेळी 'आधी गाडीच्या लढाईचे व्हिडिओ बघा' असं लिहावं लागलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की सरासरी बघण्याआधी एक सगळ्यात चांगलं आणि एक सगळ्यात कडक परीक्षण पूर्ण वाचा. आवडलेल्या गोष्टी दोन्हीकडे सारख्या असतील तर त्या भक्कम आहेत. एकाला जे खुपतं ते दुसऱ्याला आवडत असेल तर तुमचा निर्णय तिथेच दडलेला आहे.

नाइटच्या बाबतीत ज्या गोष्टींवर एकमत होतं त्या कमी नाहीत. पाऊस, निऑन दिवे, ओल्या कातडी केपवरचे थेंब. अन्रियल इंजिन ३ सारख्या, गेम बनवायच्या तेव्हाच जुन्या झालेल्या सॉफ्टवेअरवर हे केलेलं आहे, आणि आजही ते नवीन गेमच्या शेजारी ठेवायला लाजायला होत नाही. हाणामारीची लय मालिकेतली सगळ्यात पक्की. एकामागून एक गुंडांना धक्क्यात पाडणारा 'फिअर टेकडाउन' बहुतेकांना आवडला. केव्हिन कॉन्रॉय यांचा बॅटमनचा आवाज, जॉन नोबल यांचा थंड स्केअरक्रो. एका जुन्या शत्रूची कथेतली परत भेट इतकी कल्पक आहे की जाहिरातीत तिचा मागमूसही ठेवला नव्हता. ती कुणाची ते सांगत नाही, तुम्ही स्वतःच बघा. उलट ज्या रहस्याची जाहिरात केली, म्हणजे आर्कम नाइट हा मुखवट्याआडचा माणूस कोण, ते कॉमिक्स वाचणाऱ्यांनी फार लवकर ओळखलं. 'हे पूर्ण नवीन पात्र आहे' असं आधी सांगितलं गेलं होतं, त्यामुळे त्यांना ते जास्तच लागलं.

पैशांवरूनही ओरड झाली. गेम यायच्या आधीच ४० डॉलरचा सीझन पास, म्हणजे पुढे येणाऱ्या जादा भागांचं आगाऊ तिकीट, विकायला काढला, आणि त्यात नेमकं काय मिळणार ते तेव्हा धड सांगितलेलं नव्हतं. निरनिराळ्या दुकानांतून आगाऊ नोंदणी केली तर निरनिराळे तुकडे. आज सवलतीत सगळं एकत्र मिळतं, तुम्हाला त्याचा त्रास नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे जी सुरुवातीच्या परीक्षणांत हवी तेवढी आली नाही, आणि त्याचं कारण आमच्या कामाच्या पद्धतीत आहे. ओपन वर्ल्ड गेमचं परीक्षण घाईत होतं. प्रत हातात येते, तारीख ठरलेली असते, तेव्हा समीक्षक मुख्य कथा धरून पळतो. साइड मिशन थोडी चाखतो. त्या वेगात नाइट घट्ट वाटतो, कथा सुटत नाही. पण घरी रविवारी खेळणारा सगळं करत जातो, आणि मग रिडलर समोर येतो. त्याची ट्रॉफ्या, कोडी आणि फोडायच्या वस्तू मिळून २४३ आव्हानं शहरभर पसरली आहेत, आणि ती सगळी केल्याशिवाय रिडलर पकडला जात नाही. तोही पकडल्याशिवाय गेमचा पूर्ण शेवट दिसत नाही. मुख्य कथा संपली की एक शेवट मिळतो, काही साइड मिशनं केली की थोडा पुढचा, पण पूर्ण तुकडा मिळवायला शहरातली सगळी मिशनं शंभर टक्के पूर्ण करायची. मुद्दाम अडवून ठेवलेला शेवट हा माझ्या मते या गेमचा खरा दोष आहे, गाडीपेक्षाही मोठा. गाडी ही निदान कुणाला तरी आवडते. २४३ आव्हानं शेवटासाठी सक्तीची असावीत असं वाटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणूनच गेम येऊन महिना झाल्यावर लिहिलेली परीक्षणं, किंवा स्टीमवर बऱ्याच तासांचा खेळ झालेल्या माणसांनी लिहिलेले चार शब्द, ओपन वर्ल्डच्या बाबतीत जास्त उपयोगाचे असतात. तिथे प्रत्येक अभिप्रायासोबत खेळलेले तास दिसतात. अर्ध्या तासात शिवी देऊन गेलेला आणि साठ तासांनंतर थकून लिहिणारा यांची तक्रार वेगळी वाचायची. पहिल्यात बहुधा मशीनची तक्रार असते, दुसऱ्यात रचनेची. खेळाडूंच्या गुणांचा महापूर पहिल्या दिवशी येतो, त्यावर तर मी अजिबात विसंबत नाही. मेटाक्रिटिकनंही २०२० पासून गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळाडूंचे अभिप्राय घेणं बंद केलंय, ते उगाच नाही.

गेल्या काही वर्षांत वारं उलट फिरलंय, तेही सांगतो, कारण तुम्ही यूट्यूबवर शोधलंत तर तुम्हाला 'आर्कम नाइट हा आजवरचा सर्वोत्तम सुपरहिरो गेम' असे व्हिडिओ ढिगानं दिसतील. त्याला कारणं आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये एपिकच्या दुकानात बॅटमनचे गेम आठवडाभर फुकट मिळत होते, त्यात नाइटही होता. तोवर पीसी आवृत्तीही निस्तरलेली होती आणि लोकांची मशीनही वाढलेली होती. एका नवीन पिढीनं तो २०१५ च्या गोंधळाशिवाय खेळला. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये 'गॉथम नाइट्स' आला. तो रॉकस्टेडीचा नव्हे, वॉर्नरच्या मॉन्ट्रियलमधल्या स्टुडिओचा. नव्या कन्सोलवरही तो ३० फ्रेमला बांधलेला, आणि लोकांनी त्याचे फोटो सात वर्षं जुन्या नाइटशेजारी लावून चिडवायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉन्रॉय गेले. मीही त्या आठवड्यात नाइट परत लावला, आवाजासाठी. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द रॉकस्टेडीचा 'सुइसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग' आला, तो समीक्षकांना आणि जुन्या चाहत्यांनाही रुचला नाही. एवढ्या सगळ्यानंतर नाइटची आठवण गोड होणारच.

या गोडव्यालाही मी तेवढंच जपून घेतो. नंतरचे गेम कमी पडले म्हणून कोब्रा रणगाडे मजेदार झालेले नाहीत. 'तेव्हा समीक्षक चुकले होते' असं म्हणणारे बहुतेक वेळा पीसीच्या भांडणाचा निकाल लागला म्हणून गाडीच्या भांडणाचाही लागला, असं धरून चालतात.

तर तुमच्यापुरतं. गेल्या पाचसहा वर्षांतला बरा पीसी असेल, गेम एसएसडीवर टाकणार असाल, तर २०१५ सारखे हाल तुमचे होणार नाहीत. तरी स्टीमवर सगळ्या काळातले अभिप्राय न बघता फक्त अलीकडचे बघा, तिथे तुमच्यासारख्या मशीनवाल्यांची गाऱ्हाणी आहेत का ते कळेल. स्विच असेल तर त्याच्यावर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आर्कम सिटी खेळला नसाल तर आधी तो खेळा. नाइटची कथा सिटीच्या शेवटावर उभी आहे, आणि तो शेवट माहीत नसेल तर नाइटमधली निम्मी करामत तुमच्या डोक्यावरून जाईल. मालिकेतला दुसरा गेम, 'आर्कम ओरिजिन्स', सोडला तरी चालेल.

रिडलरच्या मागे लागू नका. वाटेत दिसली ती ट्रॉफी घ्या, कॅटवूमनच्या मिशनपुरतं करा. पूर्ण शेवटाचा तुकडा यूट्यूबवर बघून टाका, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुख्य कथा आणि आवडतील ती साइड मिशनं एवढं केलंत तरी पैसे वसूल होतात.

आणि गाडीचं भांडण तुम्हाला स्वतःलाच सोडवता येईल. बॅटमोबिल गेममध्ये लवकर येते, आणि एस केमिकल्सच्या कारखान्यापर्यंत पोहोचलात की रणगाड्यांची लढाईही चाखून होते. स्टीमवर पैसे परत मिळायची मर्यादा दोन तासांची आहे. पहिल्या बैठकीत इकडेतिकडे भटकू नका, सरळ कथा धरून एस केमिकल्सपर्यंत जा, रणगाड्यांच्या एकदोन लाटा परतवा आणि मग घड्याळ बघा. तोफ डागताना हात शिवशिवले तर पुढचे तीस तास तुमचे आहेत. 'आता हे किती वेळ चालणार' असं मनात आलं तर लगेच परत करून टाका, कारण ते शेवटपर्यंत चालतं.